दुष्काळातला पेरा

बजाजनगरात मार्च लागला की पाहुण्यांची वर्दळ वाढायची. लग्नसराई नाही, जत्रा नाही. हे पाहुणे पॉलिसीचे. कंपनीतल्या प्रत्येक कामगाराच्या नात्यात एक तरी विमा एजंट असायचाच, अन पगारातून टॅक्स कापायची वेळ आली की त्याला बरोबर नातं आठवायचं. आमच्याकडं नवऱ्याचे लांबचे मामा यायचे. चहा, पोहे, सगळ्यांची विचारपूस, अन मग पिशवीतून फॉर्म. लग्नानंतरच्या पहिल्या मार्चला सासूबाई म्हणाल्या, घरचाच माणूस आहे, सह्या करून टाका. मी विचारलं, मामा, यात टॅक्स किती वाचतो अन हप्ता किती वर्षं भरायचा? पहिल्याचं उत्तर मामांनी लगेच दिलं. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी पोहे वाढून मागितले. चार आण्याची कोंबडी अन बारा आण्याचा मसाला आपल्याला परवडायचा नाही, असं मी तिथंच सांगून टाकलं. नवऱ्याचा साधा मुदतीचा विमा काढला, उरलेलं पीएफमध्ये टाकलं. मामा पुढं बरेच दिवस आमच्या घरचं पाणी प्यायले नाहीत.

मी अशीच आहे. वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात मी हिशेब बघायचे, अन दिवसभर दुसऱ्याच्या पैशाला शिस्त लावून घरी आलं की आपल्याच घरात पैसा मोकाट सुटलेला मला बघवत नसे. मुलगी झाली त्याच महिन्यात तिच्या नावानं रक्कम बाजूला पडायला लागली. नवऱ्याच्या कंपनीत कामगार कमी करायची कुजबुज सुरू झाली, त्याच्या आधीच आमचं घराचं कर्ज बरंचसं फिटलं होतं. नवरा म्हणायचा, तू लग्नाच्या मांडवातसुद्धा खुर्च्या मोजत होतीस. मोजत होते. मंडपवाल्यानं कमी पाठवल्या होत्या.

पण हे सगळं माझ्या घरात चालायचं. माहेरात माझं कोण ऐकतंय?

माझं माहेर पडेगावचं. बजाजनगरातून छावणीतनं स्कुटीवर निघालं की अर्ध्या तासात मी मायच्या ओट्यावर. दौलताबाद रस्त्याच्या आत माझ्या वडलांची, अण्णांची, चार एकर जमीन होती अन तिच्यात एक जुनी, दगडी बांधणीची विहीर. ही जमीन शहराच्या हद्दीत येऊन कैक वर्षं झाली होती. आमच्या घरच्यांच्या लेखी मात्र शेत ते शेत. बांधावर उभं राहिलं की चार मजली इमारतीतल्या बाया वाळत घातलेले कपडे काढताना दिसायच्या, तरी शेतच.

अण्णा गेले. सातबाऱ्यावर माय, माझा धाकटा भाऊ अन मी, अशी तिघांची नावं लागली. वर्षश्राद्धाचे पाहुणे पांगले अन काकांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. बाजेवर एक साडी ठेवलेली. हिरवी, वांगी रंगाच्या काठाची, सेमी पैठणी. शेजारी हक्कसोडपत्र. बापाच्या जमिनीतला वाटा बहिणीनं भावाला राजीखुशीनं सोडला, असं लिहून द्यायचं अन बदल्यात साडीचोळी घेऊन ओटी भरून जायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या दोन्ही आत्यांनी असंच केलं होतं. अण्णांनी त्यांना शेवटपर्यंत काही कमी पडू दिलं नाही, हेही खरं.

मी सही केली नाही.

वाटा मला खायचा नव्हता, पण माझा भाऊ मला चांगला माहीत होता. मनानं सोन्यासारखा, पण पैसा हातात आला की त्याच्या हाताला भोक पडतं. मित्राच्या हॉटेलात भागी, कुणाच्या लग्नात घोडा, कुणाला उसने. एकदा सही केली की त्या जमिनीबद्दल तोंड उघडायचा माझा हक्क संपला. मग तिचा पैसा कुठं गेला, हे मला लोकांकडून कळणार. मी एवढंच म्हटलं की मी काही मागत नाही, पण सोडतही नाही.

काका माझ्याकडं न बघता बोलले, "हिस्सा धरून बसणाऱ्या बहिणीला माहेर नसतं, बाई. ध्यानात ठेव."

भाऊ खाली मान घालून अंगठ्यानं फरशी उकरत होता. तो एक शब्द बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. मायनं साडी उचलली, घडी नीट केली अन तिच्या ट्रंकेत ठेवून दिली. मी स्कुटीला किक मारली. नगर नाक्यापर्यंत रडत गेले, अन तिथून पुढं स्वतःवरच चिडत गेले की रडलीस कशाला.

त्या साली पंचमीला मुराळी आला नाही. सासुरवाशिणीला न्यायला माहेरून येतो तो मुराळी. आता अर्ध्या तासावरच्या माहेराला मुराळी कशाला लागतो, असं कुणी म्हणेल. लागतो. माझा भाऊ दरवर्षी मोटारसायकलवर यायचा, दारात हॉर्न वाजवायचा, सासूबाईंच्या पाया पडायचा अन मला मागं बसवून न्यायचा. त्या पंचमीला मी सकाळपासून तीनदा उंबरा पुसला. नवऱ्यानं दुपारी जिलबी आणली. ती मी पोरीला देऊन टाकली. काकांचं बोलणं खरं व्हायला लागलं होतं अन मला त्याची भीती वाटत होती, लपवायचं कशाला?

तरी मी जात राहिले, न बोलावता. मायला भेटायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

मग दुष्काळाची वर्षं आली. शहरात नळाला पाणी यायचं ते वार सांगून, अन कधी तेवढंही नाही. आमच्या कारखान्यात टँकर आला की मालकापेक्षा टँकरवाल्याला आधी चहा मिळायचा. पडेगावच्या बाजूनं नव्या सोसायट्या उठत होत्या. घरात टाइल्स चकाचक अन नळ कोरडे. आमच्या विहिरीला मात्र पाणी टिकलं. भावाला नवा धंदा मिळाला. बांध फोडून रस्ता केला, मोटर बसवली अन टँकर भरून द्यायला लागला. शेजारी काकांची जमीन. त्यांनीही बोअर मारला, वावरात टँकर उभे करायला जागा दिली. नांगर दोघांनीही गोठ्याला टेकवून ठेवला. भाऊ मला म्हणाला, ताई, अण्णांनी जल्मभर ज्वारी केली, त्यात दिसला नाय एवढा पैसा मी पाण्यात बघायलोय.

त्याच सुमारास बिल्डरची गाडी बांधावर यायला लागली. चारही एकर घेतो म्हणाला, काकांचीही घेतो म्हणाला. काका तर नवी गाडी कोणत्या रंगाची घ्यायची, इथपर्यंत पोचले. मी टॅक्सचं काढलं तसे सगळे माझ्याकडं बघून हसायला लागले. शेतीच्या पैशाला टॅक्स नसतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं. अन शेतात पिकलेल्या मालापुरतं ते खरंही होतं.

पण जमीन विकणं वेगळं. मी भावाला ओट्यावर बसवून सांगितलं. शहराच्या हद्दीतली जमीन सरकार शेत म्हणून धरत नाही, तो नुसता प्लॉट. विकलीस की नफ्यावर टॅक्स लागणार, अन थोडाथोडका नाही. त्यातून एकच वाट आहे. त्या नफ्याची पुन्हा दुसरीकडं शेतजमीन घ्यायची, मुदतीच्या आत, म्हणजे तेवढा टॅक्स माफ. पण ही माफी खऱ्या शेतकऱ्याला. विकायच्या आधी लागोपाठ दोन वर्षं त्या जमिनीत शेती झालेली पाहिजे. पाण्याचा धंदा म्हणजे शेती नव्हे. तेव्हा लगेच विकू नकोस. दोन वर्षं पेर, मग वीक.

तो माझ्याकडं बघतच राहिला. "ताई, माणसाला प्यायला पाणी नाय, अन तू मला पेरायला सांगायलीस?"

मी म्हटलं, लोकांचं पाणी तोडू नकोस. बाजरी पेर, तिला लागतं किती? चारही एकरांत पेर, वरच्या पाण्यावर येईल ते येईल. विहिरीचं पाणी फक्त जवळच्या अर्ध्या एकराला दे. बी माझं, ट्रॅक्टरचं भाडं माझं. काका बाजेवरून खो खो हसले. म्हणाले, वाळूजला हिशेब लिहून लिहून हिचं डोकं फिरलंय. सोताच्या वाट्यावर टॅक्स बसू नये म्हणून भावाला राबवायली. हे मला झोंबलं. पण तोंडावर आलेलं मी गिळलं, कारण काका हसले तरी भाऊ उठून गोठ्याकडं गेला होता.

त्यानं पेरलं. का पेरलं, हे मी तेव्हा विचारलं नाही. बी फुकट होतं म्हणूनही असेल. साडेतीन एकरांतली बाजरी वीतभर आली अन जळून गेली. जाणारे-येणारे थांबून विचारायचे, काय ओ, गुरं चारायची का टॅक्स चारायचा? विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात मात्र कणसं भरली. तलाठी येऊन बघून गेला अन सातबाऱ्यावर पीक लागलं. दुसऱ्या साली पुन्हा तसंच. त्या बाजरीची भाकरी मायनं थापून मला खाऊ घातली. चुलीवरची, कडा फुगलेली, वर लोण्याचा गोळा. माय तशी मोजकं बोलणारी. त्या दिवशी म्हणाली की साडी मी जपून ठेवलीय, कसर लागू दिली नाय. मी विषय बदलला.

या दोन वर्षांत काकांनी विकून टाकलं. गाडी आली, पांढरी. दारात मोठा मंडप घालून पूजा झाली. थांबल्यामुळं आमचं नुकसान झालं, असं पडेगावात जो तो म्हणत होता. मला आतून धास्ती होतीच. भाव पडला तर? बिल्डर दुसरीकडं वळला तर? भाऊ जन्मभर माझ्या नावानं खडे फोडणार, अन माहेराची उरलीसुरली वाटही बंद. पण शहर कुठल्या बाजूनं वाढतंय ते मला रोज स्कुटीवरून दिसत होतं. दर महिन्याला एक नवी पाटी, एक नवा खड्डा. एवढ्या लोकांना घरं लागणार होती अन जमीन काही ताणून वाढत नाही.

भाव पडला नाही, वाढला. पण बिल्डरनं मेख मारली. निम्मे चेकनं, निम्मे रोख. सगळेच असं करतात, तो म्हणाला. मी म्हटलं, करू देत. आम्हाला सगळे चेकनं पाहिजेत. रोखीनं घेतलेल्या पैशातून उद्या जमीन घ्यायची तर तो आला कुठून म्हणून दाखवायचं? बिल्डर उठून गेला. काका म्हणाले, घ्या, हातातोंडाशी आलेला घास घालवला हिनं. भाऊ माझ्याशी बोलेना. महिनाभर मी रोज ऑफिसात आकडे दोनदा तपासत होते, कारण लक्ष लागत नव्हतं. मग एक दिवस बिल्डरचाच फोन आला. आमच्या जमिनीशिवाय त्याला काकांकडून घेतलेल्या जमिनीत जायला रस्ताच नव्हता. हे मला आधीपासून माहीत होतं, पण त्याला कळायला महिना लागला.

व्यवहार झाला. तिघांच्या खात्यांवर तिघांचे पैसे. मी माय अन भावाला घेऊन शहरातल्या एका सीएकडं गेले. त्यानं एकेकाला विचारलं, तुम्ही परत शेतजमीन घेणार? भाऊ म्हणाला घेणार. माय म्हणाली, पोरगा घेईल तिथं. अन ताई तुम्ही?

मी म्हटलं, मी टॅक्स भरणार. पोरीचं मेडिकलचं वय आलंय, नवऱ्याच्या नोकरीचा भरवसा नाही. मला जमीन नको, पैसा मोकळा पाहिजे. जे बसेल ते सांगा, चलन फाडते.

भाऊ खुर्चीत पुढं सरकला. "मग ती बाजरी?"

"तुझ्यासाठी अन मायसाठी होती."

"बी तुझं होतं. ट्रॅक्टर तुझा."

"व्हय."

सीएनं पंख्याचा वेग वाढवला. बाहेर आल्यावर भावानं मायचा हात धरून जिना उतरवला अन माझी स्कुटी स्वतः वळवून दिली. एवढंच.

अन लगेच दुसऱ्या आठवड्यात माझ्याशी भांडला. कारण जमीन मिळेस्तोवर पैसे बँकेच्या एका वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात अन ते फक्त जमीन घ्यायलाच काढता येतात. त्याला काकांसारखी गाडी दिसत होती. सोताचे पैसे, अन सोताच हात लावायचा नाय, ही कुठली तऱ्हा, म्हणून फोनवर आदळआपट केली. मी फोन लांब धरून भाजी निवडत बसले. त्याच्या हाताला भोक होतं अन सरकारनंच त्यावर ठिगळ लावलं होतं. माझ्याच्यानं जे कधी झालं नसतं ते एका नियमानं केलं. मला मनापासून आनंद झाला होता, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

त्यानं जमीन घेतली ती लांब, फर्दापूरच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. पडेगावच्या चार एकरांच्या पैशात तिकडं कितीतरी जास्त आली, काळी, अन नाल्याला लागून. निम्मी त्याच्या नावावर, निम्मी मायच्या. दोघांनी तिथंच दोन खोल्या बांधल्या. माझं माहेर अर्ध्या तासावरून उठून थेट अजिंठ्याच्या वाटेला जाऊन बसलं.

पुढं काकांना टॅक्सची नोटीस आली. शेतीच्या पैशाला टॅक्स नसतो म्हणून त्यांनी कुठंच काही दाखवलं नव्हतं. जमीन दोन वर्षं टँकरखाली, पेरा नाही, दुसरी जमीन घेतली नाही. नुसता टॅक्स नाही, वर व्याज. ते बजाजनगरला माझ्या दारात आले तेव्हा वरातीमागून घोडं आलं होतं. मी त्यांना बसवलं, चहा दिला. दोन वर्षं गिळलेलं सगळं जिभेवर आलं होतं. त्यातलं एकच बोलले, शेतीच्या पैशाला टॅक्स नसतो ना काका? त्यांनी कपाकडं बघितलं. मग मला त्यांची कीव आली, अण्णांचा भाऊच तो. सीएकडं नेलं. गाडी विकून त्यांनी भरणा केला. माझ्यावरचा त्यांचा राग त्याच्यानं कमी झाला असं काही नाही.

आता तर टॅक्सची नवी पद्धत आली. वजावटी नकोत, दर कमी. मी दोन्ही रकाने मांडले अन नव्यात गेले. पॉलिसीवाले मामा मार्चमध्ये अजून येतात, पण नुसत्या पोह्यांसाठी. जमिनीचा नफा मोजायची रीतसुद्धा बदलली म्हणे. बदलू दे. नियम दर काही वर्षांनी बदलणार, पोरं मोठी होणार, माणसं जाणार, नोकऱ्या सुटणार. आपण आधी बसून मांडून ठेवलं की कशाचीच एवढी भीती वाटत नाही. हे मी पोरीलाही सांगते. ती म्हणते, आई, सुरू झालीस.

एका गोष्टीची मांडणी मात्र मला कधी करता आली नाही. पंचमीची. तेव्हापासून मुराळी आलाच नव्हता, त्यात आता भाऊ लांब गेला, पावसापाण्याचे, खुरपणीचे दिवस. तो काय येतो आता. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की या वर्षी उंबऱ्याकडं बघायचंच नाही. सकाळीच पुरण घाटायला घेतलं.

दारात हॉर्न वाजला.

मोटारसायकल चिखलानं माखलेली, भाऊ पण. सासूबाईंच्या पाया पडला, पाणी प्याला. नव्या रानात काय पेरलंय विचारलं तर म्हणाला, मका अन कापूस, अन घराजवळ अर्धा एकर बाजरी. अर्धाच का, म्हटलं. तेवढीच पेरायची सवय लागलीय, म्हणाला. अन पिशवीत हात घालून त्यानं ती बाहेर काढली. हिरवी, वांगी रंगाच्या काठाची, घडीवर डांबराच्या गोळ्यांचा वास.

एवढ्या वर्षांनी, एवढं सगळं होऊन, पुन्हा तेच? मी पुरणाचे हात पदराला पुसले अन शक्य तितक्या सरळ आवाजात विचारलं,

"सही कशावर करायची?"

"कशावरच नाय, ताई," तो म्हणाला. "नेस अन चल. माय वाट बघायली."